उतरणीचा मासा

संतकाव्यातल्या मासोळीला एकच दुःख असते, पाण्यापासून तुटण्याचे. विरहाने कासावीस झालेल्या भक्ताची अवस्था सांगायची तर तिला पाण्याबाहेर काढायचे. ती तळमळते आणि दृष्टान्त पुरा होतो. गेली वीसएक वर्षे वर्गात हा दृष्टान्त शिकवताना मला त्यात काही उणे जाणवलेले नाही. त्याला जेवढे पाणी हवे तेवढे त्यात आहे. पण अलिबाग आणि पेण यांच्या मधल्या ज्या खारेपाटात मी वाढलो तिथे 'पाणी' हा शब्द सहसा एकटा येत नाही. पाणी खारे असते, गोडे असते, मचूळ असते. भरतीचे असते, ओहोटीचे असते. उधाणाचे वेगळे आणि भांगाचे वेगळे. त्यामुळे मासा पाण्यात राहतो हे विधान तिथे अर्धेच ठरते. कोणत्या पाण्यात आणि कोणत्या महिन्यात, हे विचारल्याशिवाय ते पुरे होत नाही. या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे उत्तर ज्याच्या आयुष्यात मिळते तो मासा म्हणजे जिताडा.

जिताड्याची ओळख आपल्याकडे ताटातून होते. रायगडात त्याला मासा म्हणणे जवळजवळ अपुरेच, तो एक मान आहे. व्याह्यांकडे पाठवायचा तर जिताडा, जावयाला वाढायचा तर जिताडा, कचेरीतले एखादे अडलेले काम सुटावे म्हणून साहेबांच्या घरी पोचवायचा तोही जिताडाच. आणि मानाचा मासा म्हटला की तो मोठाच हवा. दोन माणसांनी उचलून आणलेल्या जिताड्याची गोष्ट गावात वर्षभर सांगितली जाते. या जातीचा मासा ६० किलोपर्यंत वाढल्याची नोंद आहे, तेव्हा त्या गोष्टींत अतिशयोक्ती असली तरी तिला आधार नाही असे म्हणता येत नाही.

त्याची नावेही पाहण्यासारखी आहेत. आपल्याकडे जिताडा आणि खजुरा, गोव्यात चणक, बंगालात भेटकी, तेलुगूत पंडुगप्पा, तमिळमध्ये कोडुवा, मलयाळममध्ये काळांजी. ऑस्ट्रेलियात तो बारामुंडी. हे नाव क्वीन्सलंडमधल्या रॉकहॅम्प्टन परिसरातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले आहे, आणि त्याचा अर्थ 'मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा' असा सांगतात. मौज अशी की मुळात ते दुसऱ्याच एका माशाचे नाव होते. पुढे ते याला चिकटले आणि १९८० च्या दशकात बाजारपेठेने ते जगभर पोचवले. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटायला नको. एका वस्तूचे नाव दुसरीवर जाऊन बसणे हा शब्दांचा जुनाच खेळ आहे. मला यात लक्षणीय वाटते ते असे, की ज्या माशाला जग 'नदीतला' म्हणून ओळखते तो नदीत जन्मत नाही.

पहिल्या पावसात ओढ्यांतून, शेतांच्या बांधांवरून वर झेपावणारे मासे आपल्या परिचयाचे आहेत. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो, आमच्याकडे वलगण म्हणतात. रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन वलगणीला जाणे हा खारेपाटातल्या आणि एकूण कोकणातल्या बालपणाचा भाग आहे. ते मासे अंडी घालण्यासाठी वर चढतात. जिताड्याचा प्रवास नेमका उलटा. वाढायला तो वर जातो आणि प्रजननासाठी खाली उतरतो. चढणीला आपल्या भाषेत नाव आहे, लोककथा आहेत, चव आहे. उतरणीचा मासा असे मात्र कोणी म्हणत नाही. कदाचित चढणे दिसते म्हणून असेल. गढूळ पाण्याखालून, कसलाही खळखळाट न करता खाडीच्या मुखाकडे जाणारा मासा कोणाला दिसणार?

हा प्रवास सर्वांत बारकाईने अभ्यासला गेला तो उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी या भागांत. तिकडचे सगळेच आपल्या किनाऱ्याला तंतोतंत लागू करता येणार नाही. जिला एकच जात समजले जाई तिच्यातून २०१२ साली श्रीलंका आणि म्यानमारमधल्या दोन जाती वेगळ्या काढण्यात आल्या, इतके हे कुळ वैविध्याचे आहे. पण आयुष्याचा आराखडा साधारणपणे सारखा. पावसाळा तोंडावर आला, पाणी तापले की मोठे मासे नदीमुखांजवळच्या खाऱ्या पाण्यात जमतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या भरतीच्या दिवसांत, अंडी सोडली जातात. मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते. ती खाऱ्या पाण्यातच जगतात. एका दिवसाच्या आत त्यांतून पिल्ले बाहेर येतात, आणि पुढच्या उधाणाबरोबर ती किनाऱ्यालगतच्या खाजणांत, तिवरांच्या मागच्या उथळ डबक्यांत शिरतात. या जागा वर्षाचे कित्येक महिने कोरड्या असतात. उधाण आणि पाऊस एकत्र आले की त्या भरतात. तिथे खायला किडे आणि कोळंबीची पिल्ले मुबलक आणि खाणारे मोठे मासे कमी. पावसाळा सरत आला, पाणी आटू लागले की बोटभर, वीतभर झालेली पिल्ले खाडीत येतात आणि तिथून नदीने वर, गोड्या पाण्यात जातात. तिथे तीन-चार वर्षे वाढायचे आणि मग एखाद्या पुराबरोबर पुन्हा खाली.

म्हणजे या माशाला घर कोणते? खाडीचे मुख, खाजण, ओढा, नदी, पुन्हा मुख. यातले एकही ठिकाण त्याला पुरेसे नाही आणि यातले एकही त्याला टाळता येत नाही. जागा आणि ऋतू यांची सांगड चुकली तर चांगली जागाही निरुपयोगी होते. रॉकहॅम्प्टनजवळच्या फिट्झरॉय नदीच्या मुखाशी केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या वर्षी नदीला गोडे पाणी भरपूर आले त्या वर्षी जन्मलेल्या जिताड्यांची पिढी मोठी भरली. माशाच्या कुळाचा इतिहास असा पावसाच्या इतिहासात गुंतलेला असतो.

हा इतिहास वाचण्याची रीत तर कोणाही भाषाशिक्षकाला मोह पाडील अशी आहे. माशाच्या कानात चुन्याचा एक खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षाला वर्षाची वलये धरतात. मासा ज्या पाण्यात असेल त्या पाण्यातली द्रव्ये त्या त्या वलयात बसतात. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम साधारणपणे अधिक, नदीच्या पाण्यात कमी. खडा कापून आतून बाहेर वाचत गेले की तो मासा कोणत्या वयात कुठे होता हे कळते. एका अर्थाने ही त्याची रोजनिशीच, फक्त ती मृत्यूनंतरच उघडता येते. आणि या रोजनिश्यांनी पाठ्यपुस्तकी आराखडा बराच सैल केला. सगळेच जिताडे नदीत जात नाहीत. काही आयुष्यभर खाडीत आणि समुद्रातच राहतात, काही लवकर परततात, काही वर्षानुवर्षे वरच रमतात. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नद्यांवरच्या २०१९ च्या एका अभ्यासात असे दिसले, की गोड्या पाण्यात गेलेले मासे खाली राहिलेल्यांपेक्षा वेगाने वाढतात. जो जातो त्याला वाटेतला धोका पत्करावा लागतो, पण त्याची वाढ होते. जो जात नाही तोही जगतो. खेड्यातून शहरात शिकायला गेलेली आणि न गेलेली भावंडे ज्या घरात आहेत, त्यांना याचे स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती या साऱ्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. जिताडा पहिल्यांदा वयात येतो तो बहुधा नर म्हणून. तीन-चार वर्षांचा असताना तो खाली उतरतो, एक-दोन हंगाम नर म्हणून प्रजननात भाग घेतो आणि सहा-आठ वर्षांचा होता होता, साधारण मीटरभर लांबीच्या आसपास, मादी होतो. आपल्या पुराणांत असे रूपांतर घडते ते शापाने किंवा वराने. सुद्युम्न वनात शिरतो आणि इला होतो. अनुशासनपर्वातला भंगास्वन राजा स्त्री होतो आणि पुन्हा पुरुष होण्याची संधी मिळूनही स्त्रीच राहणे पसंत करतो. जिताड्याच्या कथेत इंद्र नाही, शाप नाही. तिथे हे फक्त वय वाढणे आहे. लहान देहाला अंड्यांचा भार पेलत नाही; मोठा देह कोट्यवधी अंडी धरू शकतो, म्हणून मोठेपण आईकडे सोपवलेले आहे.

याचा व्यवहारातला अर्थ कठोर आहे. व्याह्यांकडे गेलेला, साहेबांच्या घरी पोचलेला, दोघांनी उचलून आणलेला तो मानाचा मासा जवळजवळ नेहमीच मादी असतो. अनेक वर्षे जगून, वरखाली प्रवास करून, जाळी आणि गळ चुकवून जी या वयाला पोचली ती. मानाची आपली कल्पना आणि माशाच्या कुळाची गरज इथे समोरासमोर उभ्या राहतात.

ऑस्ट्रेलियात जिताडा ताटाइतकाच गळाचा मासा आहे. गळाला लागला की तो पाण्याबाहेर उसळ्या मारतो, डोके झाडतो, दोरी तोडतो. रात्री उजेडात त्याचे डोळे तांबूस चमकतात. या झुंजीसाठी हौशी गळकरी दूरदूरच्या खाड्यांपर्यंत जातात. पण क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंटिमीटरहून लहान जिताडा ठेवता येत नाही, तसाच १२० सेंटिमीटरहून मोठाही ठेवता येत नाही. लहानाला वाढू द्यायचे ही अक्कल सगळीकडे सापडते; मोठ्याला सोडून द्यायचे, हे मनाला पटवणे अवघड. शिवाय पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी या काळात तो धरायचाच नाही, कारण तो त्याच्या उतरणीचा आणि अंड्यांचा काळ. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी मासेमारीबंदी असते, ती यांत्रिक बोटींना. खाडीत पाग टाकणाऱ्याला ती लागू नाही, आणि त्याच्या पोटाचा विचार करता तसे असण्याला कारणही आहे. पण जिताड्याच्या आयुष्यातले सर्वांत नाजूक आठवडे नेमके त्याच खाडीत जातात.

त्या कायद्याला एक अपवाद आहे. क्वीन्सलंडमधल्या काही ठरावीक धरणांच्या जलाशयांत १२० सेंटिमीटरहून मोठा एखादा मासा ठेवायला मुभा आहे. टिनारू हा असाच एक जलाशय. तिथे जिताड्याची पिल्ले बाहेरून आणून सोडतात. ती प्रचंड वाढतात, विक्रमी वजनाची होतात. पण भिंतीपलीकडच्या खाऱ्या पाण्यापर्यंत त्यांना वाट नाही, म्हणून त्यांची पिढी त्यांच्याबरोबरच संपते. त्यांना मारले तरी पुढे काही बिघडत नाही, म्हणून कायदा त्यांना राखत नाही. देहाने संपूर्ण आणि तरीही कुळाच्या हिशेबातून वजा झालेल्या या माशांविषयी वाचले तेव्हा मला आमच्या घरामागचे तळे आठवले.

खारेपाटाची शेती म्हणजे समुद्राकडून बांध घालून राखलेली जमीन. बाहेर बांध, बांधात उघाडी. उघाडी म्हणजे एकाच दिशेने चालणारे दार. ओहोटीला ते उघडते, शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीला ते मिटते, खारे पाणी बाहेरच राहते. गोव्याच्या खाजणांतली मानस हीच. या एका दारावर शेकडो एकर भात उभा असतो. शेतांच्या कडेला घरोघरी तळी. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्ले धरून आणायची, तळ्यात सोडायची, आणि दोन-तीन वर्षांनी लग्नकार्याला किंवा अडीअडचणीला एकेक काढायचा. पिल्ले एकमेकांना खातात, म्हणून ती एका मापाची निवडावी लागतात. आमच्या घरी हे काम आईचे असे. माझ्या पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांच्या खर्चात त्या तळ्याचा वाटा होता, हे आबांनी कधी बोलून दाखवले नाही, पण तळे रिकामे झालेले मला दिसत होते.

तेव्हाची आमची उघाडी लाकडी होती, फळ्यांची, आणि ती गळायची. उधाणाला थोडे खारे पाणी आत झिरपे आणि त्याबरोबर काही पिल्लेही येत. आबांना हे ठाऊक होते. बांधाजवळच्या खालच्या वाफ्यात भात नीट येत नसे, पण त्यांनी त्या फटी कधी पुऱ्या बुजवल्या नाहीत. "जरा गळू दे. आपण तरी कुठं सगळं बंद करून जगतो?" असे ते म्हणत. आज मागे वळून पाहताना मला त्या गळक्या दारात एक प्रकारची मांडणी दिसते. शेतकऱ्याने समुद्राशी केलेली ती तडजोड होती, आणि तिच्यात माशाचाही हिस्सा धरलेला होता.

इथे एक गोष्ट नीट मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख निसर्गप्रेमाच्या सोप्या सुरात जाईल. बांध हा माशाच्या दृष्टीने अडथळाच आहे. आमच्या पिढ्यांचे पोट ज्या जमिनीवर भरले ती जमीन कधीकाळी त्याच्या पिल्लांची असणार. उलट, बांधाला खांड पडली, उधाणाचे पाणी शेतात शिरले की शेतकरी देशोधडीला लागतो. दोन-चार वर्षांत तिथे तिवर उगवते आणि जिताड्याला हवी तशी उथळ, खाऱ्या-गोड्या पाण्याची जागा पुन्हा तयार होते. तिवर माजले की त्या जमिनीवर पुन्हा भात घेणेही कठीण, कारण कांदळवन तोडायला बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली ती राज्यभरासाठी निक्षून सांगितली. ही बंदी योग्यच आहे असे मी मानतो. पण ज्याची सात-बारावरची शेती त्याच्या डोळ्यांदेखत जंगल झाली, त्याला ती योग्य आहे हे सांगण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. आणि या दोघांच्याही वर तिसरी शक्यता उभी असते, भरावाची. मातीचे डंपर आले की तिथे ना भात, ना तिवर.

आमच्या शेताच्या बांधाला मागच्या पावसाळ्यात लहानशी खांड गेली. ती बुजवताना उघाडीही नवी करायची असे गावात ठरते आहे, सिमेंटची आणि लोखंडी झडपेची, थेंब न गळणारी. शेती भाऊ पाहतो. माझा वाटा कागदावरचा आहे आणि सुट्टीतला. मी त्याला सुचवले, झडपेच्या खालच्या अंगाला एक लहान खिडकी ठेवू, पावसाळ्यातल्या उधाणांना चार-चार दिवस उघडायची. त्याने शांतपणे हिशेब मांडला. खिडकी ठेवली तर खालचे आठ गुंठे भात जाईल. शेजाऱ्याचेही तीन-चार गुंठे जातील, त्याला काय सांगायचे? आणि मासाच हवा असेल तर बीज आता विकत मिळते. चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली बंदिस्त जागेत जिताड्याची पैदास साधली, त्यानंतर पिल्लांसाठी खाडीकडे पाहण्याची गरज हळूहळू कमी झाली आहे. "तळ्यात जिताडा राहीलच की, दादा," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खोटे नाही. जिताडा राहील. तळ्यात, पिंजऱ्यात, हॉटेलच्या पाटीवर तो राहील, कदाचित आजच्यापेक्षा अधिक. संपेल ते त्याचे येणे-जाणे. मुखापासून खाजणापर्यंतचा आणि नदीपासून मुखापर्यंतचा तो रस्ता जाईल, ज्यावर ऋतू पाहून दार उघडे असावे लागते. शब्दकोशात शब्द राहतो आणि बोलण्यातून जातो, तेव्हा तो राहिला म्हणायचे की गेला, हा प्रश्न आपण भाषेच्या संदर्भात नेहमी विचारतो. भावाच्या पुढ्यात मला तो विचारता आला नाही, कारण त्याच्यापुढे आठ गुंठ्यांचा प्रश्न होता आणि तोही खराच होता.

रॉकहॅम्प्टनला, जिथल्या भाषेने या माशाला त्याचे जगप्रसिद्ध नाव दिले, फिट्झरॉय नदीवर १९७० साली बंधारा झाला. माशांसाठी त्यात वाट ठेवलेली होती, पण बहुतेक माशांना ती चढता येईना. १९९४ साली तिची रचना बदलली, पाण्याचा जोर मंद करणाऱ्या उभ्या फटी ठेवल्या, आणि मासे जाऊ-येऊ लागले. म्हणजे बंधाराही राहिला आणि वाटही झाली. अर्थात तिथे त्यासाठी सरकार होते, अभियंते होते, पैसा होता. आमच्याकडे खिडकीची किंमत आठ गुंठे भात आहे आणि ती एकाच घराने मोजायची आहे. म्हणून भावाला मी दुसरा आकडा विचारला: त्या आठ गुंठ्यांत वर्षाला किती भात येतो? साधारण तीन क्विंटल, तो म्हणाला. तेवढ्या भाताचे पैसे दरवर्षी माझ्या पगारातून द्यायला मी तयार आहे. शेजाऱ्याशी बोलणे अजून व्हायचे आहे. पाऊस सुरू होण्याआधी गावकीची बैठक आहे, आणि सिमेंट येऊन पडले आहे.